भोंगा वाजला, तर कोण येणार?

गेल्या वर्षी मे महिन्यात नणंदेच्या मुलीचे लग्न इचलकरंजीला होते. चार दिवसांसाठी सारे घर बार्शीहून निघाले. निघण्यापूर्वी यजमानांनी दुकानाच्या शटरची दोन्ही कुलुपे ओढून पाहिली, गोदामाच्या रखवालदाराला दोनदा बजावले आणि रोकड बँकेत भरल्याची पावती पाकिटात जपून ठेवली. घराची पाळी आली तेव्हा धाकट्या दिरांनी दाराला कुलूप घातले, खिशातल्या रिमोटचे बटण दाबले आणि गाडीत बसता बसता म्हणाले, “वहिनी, आता निश्चिंत राहा. अलार्म चालू केलाय.” आणि आम्ही खरोखरच निश्चिंत राहिलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू पापड वाळत घालायला त्यांच्या गच्चीवर गेल्या. आमच्या गच्चीचे दार त्यांना सताड उघडे दिसले. कडी-कोयंडा उचकटून चोर जिन्याने खाली उतरले होते. चांदीची ताटे गेली, किरकोळ खर्चासाठी कपाटात ठेवलेली रोकड गेली आणि सासऱ्यांच्या पश्चात सासूबाई रोज सकाळी किल्ली देत असत, ते त्यांचे जुने मनगटी घड्याळही गेले.

आश्चर्य वाटेल, पण त्या रात्री अलार्म बिघडलेला नव्हता. तो वाजला होता. दिवाणखान्यातल्या सेन्सरने चोरांना ओळखले, भोंगा पाच मिनिटे अखंड वाजला आणि ठरल्या वेळी आपोआप थांबला. कोणीही आले नाही. कोणी येणार नाही, हे आमच्याआधी चोरांना कळले.

शेजारचे काका आम्हाला भेटायला आले ते मान खाली घालून. “ऐकला होता हो,” ते म्हणाले, “पण वाटलं, पालच असेल.”

काकांचा दोष नव्हता. दिरांनी हौसेने स्वतः बसवलेल्या या अलार्मने पहिल्याच महिन्यात तीनदा मध्यरात्री गल्ली जागी केली होती. पहिल्या रात्री सात-आठ जण काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन दाराशी उभे राहिले. दुसऱ्या रात्री दोघे आले. तिसऱ्या रात्री कोणी आले नाही. फक्त दोन-तीन खिडक्या बंद झाल्याचे आवाज ऐकू आले. तिन्ही वेळा अपराधी एकच होती, ट्यूबलाइटखालच्या किड्यांसाठी सेन्सरवरून फिरणारी पाल. तेव्हाच सासूबाई म्हणाल्या होत्या, “तुमच्या भोंग्यानं गल्लीची झोप मोडली, आता गल्लीची माया आटेल.” आम्ही हसून सोडून दिले होते.

या महिन्याच्या लेखाचा विषय हा अनुभव आहे. अलीकडे घरच्या घरी बसवता येणारे अलार्म काही हजार रुपयांत मिळतात आणि आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी ते घेतले आहेत किंवा घेण्याच्या विचारात आहेत. माल घेताना आपण व्यापारी माणसे आधी गिऱ्हाईक कोण, हे पाहतो आणि मग खरेदी ठरवतो. अलार्मच्या खरेदीतही उलट्या टोकापासून सुरुवात करावी. सेन्सर किती, रिमोट किती, रंग कोणता, हे नंतर. पहिला प्रश्न एकच: भोंगा वाजला, तर कोण येणार?

ऐकणारा कान

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सॉमरव्हिल गावी राहणाऱ्या ऑगस्टस रसेल पोप यांनी 1853 मध्ये विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचे पेटंट घेतले. दार किंवा खिडकी उघडली की विजेचे वर्तुळ पूर्ण व्हावे आणि घंटा वाजावी, एवढीच ती युक्ती. तेव्हापासून तारा गेल्या, रेडिओलहरी आल्या, मोबाइल आला. पण घंटेचे काम आजही घंटेचेच आहे. ती चोराला धरत नाही. ती माणसाला हाक मारते. हाकेला ओ देणारे कोणी नसेल, तर उत्तम यंत्रही रिकाम्या घरात ओरडत राहते.

म्हणून आधी आवाजाचा हिशेब करावा. भोंग्याच्या खोक्यावर साधारणतः 100 ते 110 डेसिबल असा आकडा छापलेला असतो. तो बहुधा एक मीटर अंतरावरचा असतो. उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे 6 डेसिबलने उतरते. म्हणजे 110 डेसिबलचा भोंगा 32 मीटरवर सुमारे 80 डेसिबल उरतो. त्यात आपली बंद दारे, शेजाऱ्यांच्या बंद खिडक्या, त्यांचा पंखा किंवा वातानुकूलन यंत्र यांची वजावट धरावी. आमच्या मुख्य यंत्राचाच भोंगा दिवाणखान्यात, टीव्हीमागे होता. एक भोंगा घरात हवाच, कारण त्याने चोर गोंधळतो. पण दुसरा बाहेर, पहिल्या मजल्याच्या छज्जाखाली, शिडीशिवाय हात पोहोचणार नाही असा आणि गल्लीकडे तोंड करून असावा. सदनिकेत राहणाऱ्यांनी बंद दाराबाहेर, जिन्यात आणि खालच्या रखवालदाराच्या खोलीपर्यंत आवाज किती पोहोचतो, हे दिवसा वाजवून पाहावे.

दुसरा कान म्हणजे फोन. केवळ वाय-फायवर चालणारा अलार्म स्वस्त पडतो, पण आपल्याकडे त्यात मोठी गोम आहे. विजेचा मीटर आणि मुख्य स्विच बहुधा जिन्याखाली किंवा बाहेरच्या भिंतीवर असतो. चोराने तो खाली ओढला की घरातला राउटर बंद पडतो आणि त्याबरोबर निरोपही. यासाठी मुख्य यंत्रात स्वतःची बॅटरी हवी, ती काही तास तरी टिकायला हवी, आणि वाय-फायखेरीज सिमकार्डाची सोय हवी. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये. बसवल्यावर घराचा मुख्य स्विच स्वतः बंद करावा, दार उघडावे आणि फोन येतो की नाही, हे पाहावे.

सिमकार्डाविषयी मात्र आमच्या अनुभवातून दोन गोष्टी सांगते. पहिली, यंत्र फक्त 2जी वर चालणारे असेल, तर ज्या कंपनीचे जाळे केवळ 4जी आणि 5जी चे आहे, तिचे सिम त्यात चालणार नाही. तेव्हा 4जी चालणारे यंत्र घेणे बरे. दुसरी गोष्ट याहून साधी आणि म्हणूनच विसरली जाणारी. त्या सिमचीही मुदत संपते. आमच्या यंत्रातल्या सिमची मुदत लग्नाच्या दोन आठवडे आधीच संपली होती. तो क्रमांक कोणाच्याच हातातल्या फोनचा नसल्याने त्याची आठवण कोणाला झाली नाही. पाच मिनिटे भोंगा वाजत असताना इचलकरंजीत आमचे फोन उशाशी गप्प पडून होते. आता त्या सिमच्या पुनर्भरणाची तारीख दुकानाच्या दिनदर्शिकेवर, विजेच्या बिलाच्या तारखेशेजारी लाल शाईने लिहिलेली असते.

चोराच्या नजरेने एक फेरी

कोण येणार, हे ठरले की मग कोठून येणार, याकडे वळावे. कागद-पेन्सिल घेऊन घराभोवती एक फेरी मारावी आणि आत शिरण्याच्या जागा लिहून काढाव्यात. पुढचे दार, मागचे दार, गच्चीचे दार, न्हाणीघराच्या खिडकीतल्या निघणाऱ्या काचपट्ट्या, शेजारच्या छपरावरून हात पोहोचणारी खिडकी. ज्यांचे दुकान खाली आणि घर वर आहे, त्यांनी आतला जिना विसरू नये. हा कागद हातात असल्याशिवाय खरेदीला जाऊ नये, कारण तयार संचात बहुधा दारासाठी एक-दोनच सेन्सर असतात. आम्ही दोन सेन्सर आले म्हणून दोन दारांना लावले आणि तिसरे दार मोकळे राहिले. चोर नेमके तेथून आले. दारांची संख्या घराने ठरवावी, खोक्याने नव्हे. आणि पुढे सेन्सर वाढवता येतील असेच मुख्य यंत्र निवडावे.

दाराचा सेन्सर हा सगळ्यांत साधा आणि म्हणून सगळ्यांत भरवशाचा भाग. एका तुकड्यात लोहचुंबक असते, दुसऱ्यात काचेच्या नळीत लोखंडाच्या मिश्रधातूच्या दोन बारीक पट्ट्या. दार मिटलेले असताना चुंबकाच्या ओढीने पट्ट्या एकमेकींना चिकटतात. दार उघडले की सुटतात आणि संकेत जातो. दोन्ही तुकड्यांत किती अंतर चालेल, हे माहितीपत्रकात दिलेले असते. पण आपल्या लोखंडी सुरक्षा-दारांवर साध्या चुंबकाची शक्ती लोखंडातच विरते. तेथे धातूच्या दारांसाठी केलेला मोठा सेन्सर घ्यावा. लाकडी दार पावसाळ्यात फुगते आणि तुकड्यांमधले अंतर बदलते, म्हणून पहिल्या पावसानंतर एकदा तपासावे. सोबत येणारी चिकटपट्टी चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर फार दिवस टिकत नाही. अर्धा तास जास्त लागेल, पण भोक पाडून स्क्रूच मारावेत.

दार उघडले की वाजणारा अलार्म चोर दारात असतानाच हाक मारतो. खोलीतला सेन्सर तो आत आल्यावर. म्हणून दारे ही पहिली फळी आणि खोली ही दुसरी, असा क्रम ठेवावा.

खोलीतला सेन्सर आणि आमची पाल

खोलीतला सेन्सर चित्र पाहत नाही. माणसाच्या शरीरातून सतत उष्णता बाहेर पडते, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने. सेन्सरच्या नजरेत अशी उष्णता हलली की तो खूण करतो. एवढे तत्त्व ध्यानात घेतले, तर त्याची जागा आपोआप ठरते. तो कोपऱ्यात, सुमारे दोन ते सव्वादोन मीटर उंचीवर असावा. चोर त्याच्या दिशेने न येता त्याच्यासमोरून आडवा जाईल, अशी जागा उत्तम. आडवी हालचाल त्याला लवकर कळते. समोर उन्हाची खिडकी, स्वयंपाकघराची शेगडी, हलणारा पडदा नसावा. देवघरात तेवणारा दिवाही त्याच्या थेट नजरेत नको.

आणि ट्यूबलाइटजवळ तर मुळीच नको. दिव्याला किडे येतात, किड्यांना पाल येते, आणि भिंगावरून फिरणारी बोटभर पाल सेन्सरला खोलीभर मोठी भासते. आमच्या दिरांनी तारेची सोय म्हणून दिव्याशेजारचीच जागा निवडली होती. पुढे आम्ही तो समोरच्या कोपऱ्यात हलवला. त्यानंतर एकदाही खोटी हाक आलेली नाही.

उन्हाळ्याचेही एक लक्षात ठेवावे. सोलापूर, विदर्भ, खानदेशात बंद घराच्या भिंती मे महिन्यात रात्रीही तापलेल्या असतात. भोवतालचे तापमान शरीराच्या तापमानाजवळ गेले की फरक कमी होतो आणि साधा सेन्सर मंद पडतो. तापमानाप्रमाणे स्वतःला जुळवून घेणारे सेन्सर मिळतात, ते घ्यावेत. घरे सर्वांत जास्त बंद असतात तीही लग्नसराईच्या आणि सुट्टीच्या याच दिवसांत.

रेडिओसंकेताबाबत एवढेच विचारावे की रिमोटचा संकेत दर वेळी बदलतो का. जो संकेत कायम एकच असतो, त्याची नक्कल करणे सोपे असते. यंत्राबरोबर येणारा 0000 किंवा 1234 हा अंक त्याच दिवशी बदलावा आणि त्या जागी घरातल्या कोणाचे जन्मसाल घालू नये. ‘येथे अलार्म आहे’ अशी पाटी लावावी, पण यंत्राचे नाव आणि नमुना तिच्यावर लिहू नये.

घराची सवय

सर्वांत महागडा अलार्मही चालू करायला माणूसच लागतो. घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला जो वापरता येत नाही, तो अलार्म महिन्याभरात बंद पडतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून खरेदीच्या वेळी सासूबाईंच्या किंवा आजोबांच्या हातात रिमोट देऊन पाहावा. बटणे मोठी आहेत का, अंधारात चाचपून कळतात का, चुकून दाबले गेले तर काय करायचे, हे त्यांना एकदा नव्हे, चार वेळा शांतपणे दाखवावे. बहुतेक यंत्रांत दोन रीती असतात: बाहेर जाताना सारे सेन्सर चालू, आणि रात्री घरात असताना फक्त दारे-खिडक्या चालू. रात्रीची रीत न शिकवल्यास पाणी प्यायला उठलेली आजी स्वतःच्याच घरात चोर ठरते. आत आल्यावर बंद करण्यासाठी साधारण अर्ध्या मिनिटाची सवलत ठेवता येते. जिना चढायला वेळ लागणाऱ्यांसाठी ती थोडी वाढवावी. घरकामाला येणाऱ्या बाईंना वेगळा अंक द्यावा, म्हणजे पुढे तो एकटाच बदलता येतो. सेन्सरमधल्या बॅटऱ्या दिवाळीच्या साफसफाईत एकाच वेळी बदलाव्यात. नव्या वह्या आणताना त्यांची आठवण होते.

अलार्म काय करू शकत नाही, हेही जाणून असावे. घरात कधीतरी लागणारे दागिने लॉकरमध्येच बरे. रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पट इतकी असते. म्हणजे ती अमर्याद नाही, हेही ओघाने आले. घराचा विमा असला म्हणजे चोरीचाही आहे, असे धरून चालू नये. 1 एप्रिल 2021 पासून उपलब्ध असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीचा मूळ भर आग, पूर, भूकंप अशा आपत्तींवर आहे. घरफोडीचे संरक्षण वेगळे मागून घ्यावे लागते. आमच्याकडे विम्याचा कागद होता. घरफोडीचे संरक्षण त्यात नव्हते.

गल्लीशी नवा करार

पावसाळ्यात आम्ही सारे नव्याने बसवले. गच्चीच्या दाराला सेन्सर लावला, बाहेर भोंगा लावला. पण खरा बदल यंत्राबाहेरचा होता. एका रविवारी सकाळी यजमानांनी शेजारच्या पाच घरांना अल्पोपाहाराला बोलावले आणि सर्वांसमोर गेल्या वेळच्या तीन रात्रींबद्दल माफी मागितली. मग भोंगा वाजवून दाखवला, म्हणजे तो आवाज कोणत्या घराचा, हे सर्वांना ओळखता यावे. घराची एक किल्ली काकांकडे दिली. यंत्रातून ज्यांना फोन जातो त्यांत आता काका, दुकानाचे दिवाणजी आणि गावातच राहणारे चुलतदीर आहेत. दूरगावी गेलेले आम्ही त्यांच्यानंतर. भोंगा वाजला तर कोणीही एकट्याने आत शिरायचे नाही, चोराच्या वाटेत उभे राहायचे नाही. सर्वांनी आपापले दिवे लावायचे, गलका करायचा आणि 112 वर पोलिसांना फोन करायचा, असे ठरले. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अकरा वाजता आम्ही तो एकदा तपासतो. त्या वेळी गल्लीत कोणी दचकत नाही. इतर कोणत्याही वेळी मात्र तो आवाज खरा समजायचा, हा करार आहे. आणि खोटी हाक गेलीच, तर दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक दारी जाऊन कारण सांगायचे, ही आमची बाजू.

घड्याळ परत मिळालेले नाही. सासूबाई अजूनही सकाळी त्या कपाटापाशी क्षणभर थांबतात.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी त्या एकट्याच मंदिरातून परतल्या, दार उघडले आणि अंक दाबायला विसरल्या. भोंगा सुरू झाला. तो बंद करण्यासाठी त्या चष्मा शोधत होत्या, तोवर समोरच्या दोन घरांचे दिवे लागले, कोणीतरी हाका मारू लागले आणि काका बनियनवरच, हातात काठी घेऊन पायरीपाशी येऊन उभे राहिले.

“पाल तर नाही ना?” त्यांनी बाहेरूनच विचारले.

“नाही हो,” सासूबाई ओशाळून म्हणाल्या, “आज मीच.”